शस्त्रक्रियेतील सलाईन आणि रक्तदाबाचे भाकीत

प्रति,
मा. संपादक,

विषय : शस्त्रक्रियेच्या वेळी सलाईनने रक्तदाब किती वाढेल याचे भाकीत करण्याविषयी

सप्रेम नमस्कार.

शस्त्रक्रिया चालू असताना रक्तदाब घसरण्याआधीच इशारा देणाऱ्या यंत्रांविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. भूल देण्याच्या कामाविषयी वर्तमानपत्रात सहसा काही छापून येत नाही, आणि आलेच तर काही विपरीत घडल्यावर येते, त्यामुळे लेख पाहून बरे वाटले. त्यातली बरीचशी माहिती बरोबरही होती. मात्र 'रक्तदाब सावरण्यासाठी किती सलाईन लागेल हे यंत्र आता आधीच सांगते' या वाक्यापाशी मी थबकले. गेली बावीस वर्षे मी भूल देते आहे, आणि माझ्या मते या एका वाक्यात तीन वेगवेगळी भाकिते एकत्र कालवली गेली आहेत. रक्तदाब घसरणार आहे का, हे पहिले. सलाईन दिल्यावर हृदयातून दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त वाढेल का, हे दुसरे. आणि ते वाढले तरी रक्तदाब वर येईल का, हे तिसरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती आले म्हणून उरलेल्या दोहोंचे आपोआप मिळत नाही, आणि ही गल्लत केवळ लेखापुरती नाही, ती आम्हा भूलतज्ज्ञांच्या हातूनही होत असते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रसंग आमच्या रोजच्या कामातला आहे. भुलेचे औषध शिरेतून गेले, रुग्ण झोपला, श्वासनलिकेत नळी बसली, आणि सर्जन हात धुऊन येईपर्यंत मॉनिटरवर वरचा रक्तदाब एकशे तीसवरून पंच्याऐंशीवर आला. अशा वेळी थिएटरमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'बाटली सोडा'. सलाईनची कळ पूर्ण उघडली जाते, थेंबांची धार होते, आणि पाच मिनिटांनी दाब वर आला तर सगळे समजतात की सलाईनने काम केले. वास्तविक तोवर सर्जनने चीर दिलेली असते, आणि चिरेच्या वेदनेची चाहूल भुलेतही शरीराला लागून दाब त्यामुळेही वाढतो. श्रेय मात्र बाटलीला जाते.

रक्तदाब कशाने ठरतो हे पाहिले तर घोळ कुठे आहे ते लक्षात येते. हृदय मिनिटाला किती रक्त फेकते आणि त्या रक्ताला रक्तवाहिन्या किती अवरोध करतात, या दोन गोष्टींच्या गुणाकारातून दाब तयार होतो. भुलेची बहुतेक औषधे, विशेषतः प्रोपोफॉल, रक्तवाहिन्या सैल करतात, आणि पाठीतून दिलेली भूल तर कमरेखालच्या रक्तवाहिन्यांवरचा मज्जातंतूंचा ताबाच काही काळ काढून घेते. शरीरातील सुमारे सत्तर टक्के रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असते. त्या शिरा ढिल्या पडल्या की रक्त तिथेच रेंगाळते आणि हृदयाकडे कमी परतते. म्हणजे रुग्णाचे रक्त कुठे गेलेले नसते, फक्त भांडे मोठे झालेले असते. मोठे झालेले भांडे पाण्याने भरत बसायचे की नॉरअॅड्रेनॅलिन किंवा फिनाइलएफ्रिनसारख्या औषधाने ते पुन्हा आवळायचे, हा खरा निर्णय आहे. सलाईन गुणाकारातल्या एकाच संख्येला हात घालते, आणि तीही हृदय त्या क्षणी ऐकायला तयार असेल तरच.

हृदयाचे हे ऐकणे न ऐकणे जुन्या शरीरशास्त्रात पक्के बसलेले आहे. जर्मनीत ओटो फ्रांक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की हृदयाचा स्नायू जितका ताणला जातो तितक्या जोराने तो आकुंचन पावतो, पण एका मर्यादेपर्यंतच. आलेख काढला तर आधी चढ लागतो आणि पुढे पठार. चढावरच्या हृदयाला अडीचशे मि.ली. द्रव मिळाला तर दर ठोक्याचे रक्त चांगले वाढते. पठारावरच्या हृदयाला तोच द्रव दिला तर ठोका तेवढाच राहतो आणि जादा पाणी मागे फुप्फुसांकडे व ऊतींकडे झिरपते. द्रव दिल्यावर ठोक्याचे रक्त दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढले तर रुग्णाने 'प्रतिसाद दिला' असे आम्ही म्हणतो. रक्ताभिसरण बिघडलेल्या रुग्णांवरचे अभ्यास एकत्र पाहिले तर असा प्रतिसाद देणारे जेमतेम निम्मे निघतात. नाणेफेकीइतक्याच खात्रीने आम्ही बाटली सोडत असतो, असा त्याचा सरळ अर्थ.

मग आधी ओळखायचे कसे? माझ्या शिक्षणाच्या काळात मानेच्या मोठ्या शिरेत नळी घालून तिथला दाब मोजत असू, आणि तो कमी असला की 'रुग्ण कोरडा आहे' असे वहीत लिहीत असू. २००८ साली या समजुतीचा समाचार घेणारा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांना माणसांवरच्या अभ्यासांत या शिरेतील दाबाचा आणि शरीरातील रक्ताच्या प्रमाणाचा धड संबंध सापडेना. तो सापडला तो सात घोड्यांवर केलेल्या प्रयोगात. आमच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेल्या गोष्टीला शेवटी आधार मिळाला तो सात घोड्यांचा, हे आठवले की अजूनही हसू येते.

आज अधिक भरवसा ठेवला जातो तो धमनीतील लाटेवर. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातली की दर ठोक्याची लाट पडद्यावर उमटते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची ही लाट काही क्षण नुसती पाहत राहिले तर ती श्वासाबरोबर उंच-बुटकी होताना दिसते. यंत्र छातीत हवा ढकलते तेव्हा छातीतला दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूला परतणारे रक्त थोडे अडते, आणि दोन-तीन ठोक्यांनी त्याचा परिणाम डाव्या बाजूवर येतो. हृदय चढावर असेल तर एवढ्याशा अडथळ्यानेही ठोका लहान होतो. पठारावर असेल तर त्याला काही फरक पडत नाही. परवाच्याच एका रुग्णात वरच्या आणि खालच्या दाबातले अंतर एका श्वासात जास्तीत जास्त ४६ आणि कमीत कमी ३८ भरत होते. दोहोंची सरासरी ४२, फरक ८, म्हणजे चढउतार १९ टक्के. याला पल्स प्रेशर व्हेरिएशन म्हणतात. २००० साली जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या ४० रुग्णांवरच्या अभ्यासात १३ टक्क्यांची रेषा प्रतिसाद देणारे आणि न देणारे यांना जवळपास अचूक वेगळे करताना दिसली, आणि तेव्हापासून हा आकडा आमच्या तोंडी बसला.

पण या आकड्याच्या अटी लांबलचक आहेत, आणि यंत्राचा पडदा त्या दाखवत नाही. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, नाडी अनियमित असेल, छाती उघडलेली असेल, हृदयाची उजवी बाजू थकलेली असेल किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पोटात वायू भरलेला असेल तर आकडा फसवतो. व्हेंटिलेटरचा श्वास लहान असला तरी तो कमी दिसतो, आणि फुप्फुसांच्या भल्यासाठी आम्ही आजकाल लहानच श्वास देतो. शिवाय २०११ साली ४१३ रुग्णांवर झालेल्या पाहणीत ९ ते १३ टक्क्यांच्या दरम्यान ठामपणे काहीच म्हणता येत नाही असे दिसले, आणि त्या करड्या पट्ट्यात दर चारांतला एक रुग्ण होता. लहान श्वासाच्या अडचणीवर एक चांगला तोडगा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. शीला मायत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांवर अभ्यासून २०१७ साली मांडला. एका मिनिटापुरता श्वास किलोमागे ६ मि.ली. वरून ८ मि.ली. करायचा आणि चढउताराचा आकडा साडेतीन किंवा अधिकने वाढतो का ते पाहायचे. वाढला तर हृदय चढावर आहे. यात रुग्णाला पाण्याचा एक थेंबही जादा द्यावा लागत नाही, आणि माझ्या मते याच्या सोयीचे मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही.

इथपर्यंतचे सगळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर झाले. सर्जन, नातेवाईक आणि आपल्या लेखाचे वाचक ज्याची वाट पाहत असतात तो रक्तदाबाचा आकडा हा तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. ठोक्याचे रक्त वाढले तरी त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावल्या तर दाब जागचा हलत नाही. असे वारंवार होते, कारण रक्त कमी असताना शरीराने रक्तवाहिन्या घट्ट आवळून दाब टिकवून धरलेला असतो, आणि द्रव मिळाला की ती आवळ सुटते. रक्तस्राव झालेल्या रुग्णात मी हे अनेकदा पाहिले आहे. दोन वेळा अडीचशे मि.ली. गेल्यावर दाबाचा आकडा तसाच, पण हात गरम होऊ लागतात, नाडीचा वेग उतरतो, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची पातळी थोडी वर सरकते, म्हणजे रक्ताभिसरण सुधारलेले असते. दाब हलला नाही म्हणून ते द्रव वाया गेले असे म्हणणे चूक ठरेल. उलट ज्याच्या वाहिन्या भुलेने ढिल्या पडल्या आहेत, त्याच्या ठोक्यात थोडी वाढ झाली तरी दाब वाढेलच असे नाही, आणि तो वाढावा म्हणून आणखी पाणी ओतत राहणे ही त्याहून मोठी चूक.

या तिसऱ्या प्रश्नासाठी डायनॅमिक आर्टेरियल इलास्टन्स नावाचे एक गुणोत्तर सुचवले गेले. श्वासाबरोबर नाडीच्या दाबात (वरच्या-खालच्या दाबातल्या अंतरात) होणाऱ्या चढउताराला ठोक्याच्या रक्तातील चढउताराने भागायचे, इतके ते साधे आहे. ठोक्यात थोडासा बदल होताच दाब बराच बदलत असेल तर वाहिन्या ताठ आहेत, आणि द्रवाने ठोका वाढला तर दाबही वाढेल. भागाकार लहान आला तर ठोका वाढेल, दाब मात्र वाढणार नाही, तेव्हा आवळणारे औषध हवे. २०११ सालच्या पहिल्या अभ्यासात ०.८९ ही सीमारेषा आली आणि निकाल फारच देखणा होता. पुढे ऑपरेशन थिएटरमधील काही अभ्यासांत हे गुणोत्तर चालले, काहींत चालले नाही. त्याचे एक कारण मला पटण्यासारखे वाटते. अनेक यंत्रे दाबातील चढउतार आणि ठोक्यातील चढउतार दोन्ही एकाच धमनीच्या लाटेवरून काढतात, म्हणजे भाजक आणि भाज्य एकाच घरचे असतात, आणि अशा भागाकारातून नवे काही कळण्याची अपेक्षा जपूनच करावी. ठोक्याचे रक्त अन्ननलिकेतील डॉप्लरसारख्या, ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या स्वतंत्र साधनाने मोजले तर ही शंका उरत नाही, पण ते साधन प्रत्येक टेबलाशी नसते.

लेखात वर्णन केलेले यंत्र या तिन्हींपैकी पहिल्या प्रश्नाचे आहे. धमनीच्या लाटेतील बारीक खुणा वाचून सरासरी रक्तदाब (वरच्या आणि खालच्या दाबांच्या मधला, पूर्ण ठोक्याचा सरासरी आकडा) ६५ च्या खाली जाण्याची शक्यता काही मिनिटे आधी सांगणारी ही गणनपद्धत २०१८ साली मांडली गेली. २०२० साली ६८ रुग्णांवरच्या चाचणीत तिच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या गटात दाब खाली राहण्याचा काळ बराच कमी झाला. त्याच वर्षी २१४ रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. सरासरी दाब घसरत सत्तरीच्या किंचित वरपर्यंत आला की सावध व्हायचे, एवढा साधा नियमही जवळपास तितकेच काम करतो, अशी टीकाही पुढे झाली, आणि ती मला बिनबुडाची वाटत नाही. या यंत्राच्या दुसऱ्या पडद्यावर ठोक्यातील चढउतार, वर सांगितलेले गुणोत्तर आणि हृदयाच्या आकुंचनाचा जोर असे आकडे येतात खरे, पण त्यांवरून बाटली सोडायची, औषध सुरू करायचे की भूल हलकी करायची, हे ठरवणे माणसाच्याच हातात राहते. किती सलाईन लागेल हे तो पडदा सांगत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण दुसऱ्याच्या लेखातील वाक्यावर बोट ठेवताना आपले झाकून ठेवणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या एका बाईंची मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया होती. पोट उघडण्याआधीच सरासरी दाब ५४ वर आला. मी रिंगर लॅक्टेट (आरएल) या सलाईनची अर्धा लिटरची बाटली वेगाने सोडली. दाब ५८ झाला. तेवढ्यावर मला वाटले की दिशा बरोबर आहे, आणि मी दुसरी बाटली लावली. दाब ५७. मनगटात नळी होती, लाट डोळ्यांसमोर होती, पण तिचा चढउतार मी पाहिलाच नव्हता. पाहिला तेव्हा तो ६ टक्के होता, नाडी नियमित, श्वास पुरेसा मोठा, म्हणजे अटी बऱ्याचशा पाळल्या गेलेल्या. हृदय केव्हाच पठारावर होते. नॉरअॅड्रेनॅलिनचा अगदी बारीक ठिबक सुरू केला आणि दोन-तीन मिनिटांत दाब ७० झाला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या चेहऱ्यावर सूज होती आणि ऑक्सिजन ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त लागला. त्या एका लिटरमुळेच हे झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मोठ्या शस्त्रक्रियेत कारणे एकात एक गुंतलेली असतात. पण त्या दिवशीच्या भुलेच्या तक्त्यात मी लिहिले होते, 'बीपी कमी, आरएल एक लिटर'. का दिले, आधी काय अपेक्षा होती, नंतर काय झाले, यातले काहीच त्यात नव्हते.

ही सवय माझ्या एकटीची नाही. २०१५ साली ४६ देशांतील अतिदक्षता विभागांमधून २,२१३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. द्रव देऊन पाहण्याची सर्वसाधारण रीत म्हणजे २४ मिनिटांत ५०० मि.ली. अशी निघाली, चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा प्रतिसादाचा आधी कोणताच अंदाज घेतला गेला नव्हता, आणि पहिल्या द्रवाने उपयोग झाला असो वा नसो, पुढचे द्रव साधारण सारख्याच प्रमाणात दिले गेले होते. शेवटचा भाग मला सर्वांत खटकतो. आधी अंदाज चुकणे मी समजू शकते, पण उत्तर समोर आल्यावरही तेच करत राहायचे असेल तर विचारलेच कशाला?

यावरून मी सलाईनच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया कोणी काढू नये. हात आखडता घेण्याचेही नुकसान होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या सुमारे ३,००० रुग्णांच्या चाचणीत कमी द्रव दिलेल्या गटात मूत्रपिंडाला इजा झालेले ८.६ टक्के निघाले आणि मोकळ्या हाताने दिलेल्या गटात ५ टक्के. सरासरी दाब ६५ च्या खाली रेंगाळला तर हृदयाच्या स्नायूला आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचे प्रमाण वाढलेले दिसते, हेही मोठ्या नोंदींमधून पुढे आले आहे. आवळणाऱ्या औषधाचाही एक धोका आहे. ते शिरांतले रक्त हृदयाकडे ढकलते, त्यामुळे लाटेचा चढउतार कमी होतो, दाब छान दिसतो, आणि खाली चाललेला रक्तस्राव काही वेळ लपून राहतो. म्हणून औषध चालू असताना आकडा कमी दिसला तरी सर्जनच्या शोषनळीच्या बाटलीकडे आणि रक्ताने भिजलेल्या पट्ट्यांकडे पाहावेच लागते.

बहुतेक शस्त्रक्रियांत धमनीत नळी नसते, दंडाला बांधलेला पट्टा दर तीन ते पाच मिनिटांनी दाब मोजतो, आणि वर लिहिलेले बरेचसे तिथे उपयोगी पडत नाही. तिथे मी स्वतः करते ते असे. शक्य असेल तिथे अर्ध्या लिटरऐवजी शंभर मि.ली. एका मिनिटात देते आणि व्हेंटिलेटर न हलवता उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, नाडी आणि दाब यांवर नजर ठेवते. शंभर मि.ली. ने फरक पडला नाही तर फारसे बिघडत नाही, पडला तर पुढचे द्यायला कारण मिळते. हे ठोस मोजमाप नाही याची मला जाणीव आहे. पण भुलेच्या तक्त्यात मी आता द्रवाच्या रकान्याशेजारी हाताने दोन रकाने आखते, एक 'देण्याआधी काय वाटले' याचा आणि दुसरा 'दहा मिनिटांनी काय दिसले' याचा. दुसरा रकाना भरताना आपला पहिल्या रकान्यातील अंदाज किती वेळा चुकतो हे दिसू लागते, आणि तिसऱ्या बाटलीची कळ उघडणारा हात थोडा रेंगाळतो. छापील तक्त्यांमध्ये हे दोन रकाने आले तर ते महागड्या यंत्राइतकेच उपयोगी पडतील, असे मला वाटते.

आपल्याकडे विनंती एवढीच आहे की लेखातील ते वाक्य दुरुस्त करून 'रक्तदाब घसरण्याची शक्यता यंत्र काही मिनिटे आधी सांगते. सलाईनने तो वाढेल का, हे डॉक्टरांना वेगळे तपासावे लागते' असे पुढच्या पुरवणीत छापावे. थिएटरच्या दाराशी 'सलाईन लावलंत ना?' असे विचारणाऱ्या नातेवाइकांना मी 'अजून गरज दिसत नाही' असे सांगते, तेव्हा ते माझ्याकडे संशयाने पाहतात. पुढच्या वेळी निदान एखाद्याने तरी ते वाक्य वाचलेले असेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ